समाजशास्त्राचे प्रबंध आणि त्यांचे परीक्षक

विरार स्थानकाच्या पश्चिमेस आगाशीकडे जो रस्ता जातो, त्याच्या आजूबाजूस अजून काही वाड्या उरल्या आहेत. त्यांतील एका वाडीतली मुलगी गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आली. समाजशास्त्र हा विषय घेऊन ती एम्. ए. करीत आहे, आणि शेवटच्या परीक्षेसाठी तिने आपल्याच आळीवर एक छोटा प्रबंध लिहिला आहे. वाडवळांच्या बागायती कशा गेल्या, एकत्र कुटुंबे कशी विभक्त झाली, केळी आणि पानवेली होत्या तेथे इमारती कशा उठल्या, हा त्याचा विषय. प्रबंध इंग्रजीत होता. मराठीत लिहिण्याची मुभा तिला होती. परंतु पुढे डॉक्टरेट करावयाची असेल तर इंग्रजीच बरी, असा सल्ला तिला मिळाला, आणि तो सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचा होता असे आम्हांस म्हणवत नाही. "काका, एकदा नजरेखालून घाला आणि चुकले असेल ते सांगा," एवढेच तिचे मागणे होते.

आम्ही तो वाचला. मांडणी नीटस होती आणि आधारही जागच्या जागी दिले होते. परंतु चुकले काय, हे सांगण्यास आम्ही तरी कोण, असा प्रश्न वाचता वाचता आमच्या मनात उभा राहिला. तिच्या घरी ऐंशीच्या घरातील आजी आहे. प्रबंधातील निम्मी माहिती त्या आजीच्या तोंडची. "माझ्याबद्दल काय लिहिलेस ते मला वाचून दाखव," असे ती म्हातारी रोज म्हणे, आणि नात ते रोज पुढे ढकली. कारण विचारता ती म्हणाली, "ते तिच्यासाठी नाहीच ना लिहिलेले."

हे उत्तर त्या मुलीने सहज दिले. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आमच्या लोकांनी समाजशास्त्रात जे मोठे प्रबंध लिहिले, त्यांपैकी बहुतेकांविषयी हेच म्हणता येईल. म्हणून त्यांतील काही ग्रंथ या एका दृष्टीने पुन्हा चाळून पाहावे असे आम्ही ठरविले. विद्वत्तेच्या मापाने ते आजवर पुष्कळदा मोजले गेले आहेत. आम्हांस पाहावयाचे होते ते एवढेच, की ज्यांच्याविषयी हे लिहिले त्यांस उत्तर देण्यास जागा कोठे ठेवली आहे काय.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला, आणि पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे गृहस्थ त्याचे पहिले प्रमुख. परंतु आमच्याकडील समाजशास्त्राचा आरंभ त्याच्याही दहा वर्षे आधीचा आहे, आणि तो मुंबईत न होता अमेरिकेत झाला. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठात शिकत असता त्यांचा हिंदुस्थानातील जातींच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. मनुस्मृतीच्या आधारे त्या काळची समाजस्थिती कशी होती हे ठरविण्याचा त्यात प्रयत्न आहे. त्यानंतर सात वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, न्यू यॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात भीमराव रामजी आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जातिसंस्थेची घडण, उत्पत्ती आणि वाढ यांवर आपला निबंध वाचला. पुढील वर्षीच्या मे महिन्यात तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला. वर्गात वाचावयाच्या निबंधाची पुढे काय गत होते हे विद्यार्थी जाणतातच. हा निबंध मात्र शंभर वर्षांनंतरही वाचला जातो, आणि आमच्या मते त्याचे कारण केवळ त्याच्या लेखकाची पुढील कीर्ती हे नव्हे.

निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्यांचा समाचार घेतला आहे. परकीय तिघांपेक्षा केतकरांस आंबेडकर अधिक मान देतात, कारण जात ही एकटी नसून जातींच्या व्यूहातच तिला अर्थ आहे, ही गोष्ट केतकरांनी ओळखली होती. मग ते त्यांची व्याख्या हाती घेतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती: सभासदत्व जन्माने मिळणे, आणि जातीबाहेर लग्न न करता येणे. आंबेडकर म्हणतात, ही दोन लक्षणे नव्हेतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करण्यास बंदी केली की जातीतल्यांच्या मुलांखेरीज दुसरे कोणी आत येण्याचा मार्गच राहत नाही. येथून पुढे निबंध वेग घेतो. सगोत्र विवाह वर्ज्य मानणाऱ्या समाजावर जातीतच लग्न करण्याचे बंधन लादले की स्त्रीपुरुषांची संख्या समतोल राखणे प्राप्त होते. नवरा मेला तर बायको अधिक होते, बायको मेली तर नवरा अधिक होतो. या अधिक झालेल्या माणसाचे करावयाचे काय? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली धर्मश्रद्धेतून निघाल्या असे मानणाऱ्यांस आंबेडकर दाखवून देतात की, या त्या हिशोबाच्या जुळणीसाठी काढलेल्या युक्त्या आहेत आणि त्यांचे गोडवे मागाहून गायिले गेले. सगळा निबंध एखाद्या भूमितीच्या सिद्धांतासारखा चढत जातो. ज्यांस या चालींनी जाळले त्यांच्याविषयी एक उद्गारही त्यात नाही, आणि तरीही तो वाचून झाल्यावर मन स्वस्थ राहत नाही.

एक मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाची व्याख्या तपासतो, तीतील गफलत नेमकी दाखवितो, आणि हे सर्व न्यू यॉर्कमध्ये, इंग्रजीत घडते, ही गोष्ट आम्हांस प्रथम खेदाची वाटली. हा वाद मराठीत झाला असता तर, असे सहज मनात आले. पण थोडा विचार करता आमचे आम्हांसच ओशाळे वाटले. १९१६ साली महाराष्ट्रातील कोणत्या दिवाणखान्यात या विद्यार्थ्यास केतकरांच्या बरोबरीने बसून त्यांची चूक दाखविता आली असती? कोलंबियाच्या वर्गात त्याचा निबंध निबंध म्हणून ऐकला गेला. परभाषेने त्यास जे दिले ते स्वभाषेने दिले नसते. ज्यांस बसावयास आसन मिळालेले असते त्यांस स्वभाषेचा आग्रह धरणे सोपे जाते, ही गोष्ट पुढील विवेचन वाचतानाही वाचकांनी विसरू नये. आम्हीही ती विसरणार नाही.

या दोघांचीही पुढील वाटचाल मराठीत झाली. केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' सिद्ध केला, आणि समाजाविषयी जे सांगावयाचे राहिले ते 'ब्राह्मणकन्या'सारख्या कादंबरीत सांगितले. कादंबरी म्हणून ती आम्हांस फारशी रुचत नाही, परंतु तिच्यातील वादविवाद जिवंत आहेत. आंबेडकरांनी १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' आणि १९२७ च्या एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत' काढले. जी मीमांसा वर्गात चार विद्वानांपुढे ठेविली होती, तिची धग या पत्रांतून ज्यांच्यावर ती गुदरत होती त्यांच्या हाती पोचली. तेथे वाचक पत्रे धाडीत, विरोधक टीका करीत, आणि संपादकास उत्तरे द्यावी लागत. आमचे म्हणणे असे की, हाही समाजशास्त्राच्या अभ्यासाचाच भाग होय. केवळ तो कोणत्या पदवीसाठी नव्हता.

विभागाची गोष्ट वेगळी. गोविंद सदाशिव घुर्ये हे मूळ मालवणचे, संस्कृतचे एम्. ए. गेडिस यांच्यासाठी मुंबई शहरावर निबंध लिहून ते विलायतेस गेले, केंब्रिज येथे रिव्हर्स यांच्या हाताखाली शिकले, आणि १९२४ पासून १९५९ पर्यंत मुंबईच्या विभागाची धुरा त्यांनी वाहिली. इरावती कर्वे, श्रीनिवास, अक्षयकुमार देसाई अशी माणसे त्यांच्याकडे शिकली. अशा गुरूविषयी लिहिताना हात जरा आखडता घ्यावा लागतो. तथापि त्यांचा जात आणि वंश यांवरील १९३२ चा प्रसिद्ध ग्रंथ आम्ही पुन्हा वाचला, तेव्हा आदराबरोबर एक तक्रारही मनात राहिली.

आदर कशाबद्दल, ते आधी सांगतो. नाकाच्या रुंदीवरून जातीची उच्चनीचता ठरविण्याचे रिस्ले यांचे शास्त्र त्या काळी सरकारी खानेसुमारीच्या जोरावर मिरवीत होते. घुर्ये यांनी त्याच मापांची नव्याने छाननी करून, उत्तरेकडील एका भागाबाहेर ते टिकत नाही, महाराष्ट्रात तर मुळीच नाही, असे दाखविले. हे काम मोठे आहे. त्यांनी सांगितलेली जातीची सहा लक्षणे आजही प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो: समाजाचे तुकडे, त्यांची उतरंड, अन्नपाण्याचे निर्बंध, हक्क व अपात्रता, धंद्याचे बंधन, विवाहाचे बंधन. आमची तक्रार या यादीविषयीच आहे. चौथ्या लक्षणाच्या विवेचनात पेशवाईतील पुण्याची हकीकत येते. दुपारी ३ नंतर आणि सकाळी ९ च्या आत महार-मांगांस शहराच्या वेशीच्या आत राहता येत नसे, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि उच्चवर्णीयांवर पडण्याचा संभव असतो. घुर्ये हे प्रामाणिकपणे नमूद करतात, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. वेशीच्या आत बसलेल्यास हे सहांपैकी एक लक्षण आहे. वेशीबाहेर ३ वाजल्यापासून उभे असलेल्यास बाकीची पाच लक्षणे या एकातच आली. याच ग्रंथात पुढे जातवार राखीव जागांच्या धोरणास घुर्ये विरोध करतात. तो विरोध समाजाचे ऐक्य टिकावे या बुद्धीने केलेला आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु वेशीबाहेरच्याला त्यावर काय म्हणावयाचे आहे, हे ग्रंथास कोठेही ऐकावे लागत नाही. ग्रंथ लंडनमध्ये निघाला, त्याची परीक्षणेही तिकडच्या विद्वानांनी लिहिली. पुढे १९५०, १९६१ आणि १९६९ साली नाव बदलत आणि मजकूर वाढवीत तो पुन्हा निघाला. इतक्या आवृत्त्यांच्या ग्रंथास त्यात वर्णिलेल्या माणसांनी मराठीत कधी जाब विचारावा, असा प्रसंगच आला नाही.

याच्या उलट टोकास त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' आहे. हे पुस्तक १९१५ चे, म्हणजे विभागाच्या आधी चार वर्षांचे. आत्रे मुलकी खात्यातले कामगार. समाजशास्त्राची पदवी त्यांजजवळ नव्हती, आणि कोणाचा हवाला देण्याची गरजही त्यांस वाटली नाही. काळी म्हणजे कसावयाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्ती, या दोन शब्दांवर त्यांनी सगळे गाव उभे केले आहे. कुणब्याच्या खळ्यावरून कोण किती उचलतो, बलुतेदार कारू कोणते, नारू कोणते, वतनाच्या नावाखाली कोण काम न करता खातो, हे त्यांच्याइतके बारकाईने दुसऱ्या कोणी सांगितले नाही. पुस्तक वाचताना खळ्यावरची धूळ नाकात जाते. इंग्रजीत हे पुस्तक लिहिलेच गेले नसते, कारण त्यातील निम्म्या वस्तूंना त्या भाषेत नावे नाहीत.

पण दोषही तितकाच ठळक आहे. आत्रे यांची करुणा कुणब्यापाशी थांबते. फिरस्त्यांचे प्रकरण येते तेव्हा लेखकाच्या आतला मामलेदार जागा होतो. भटक्या जमाती गावास लागलेली कीड आहेत, हा सूर तेथे लपत नाही. याच लेखकाने चार वर्षे आधी 'गुन्हेगार जाती' लिहिले होते, हे लक्षात घेता त्याचे नवल वाटावयास नको. तेव्हा मराठीत लिहिले म्हणून लेखक सर्वांस उत्तरदायी होतो असेही नाही. वाचणाऱ्यांसच तो उत्तरदायी होतो. १९१५ साली मराठी वाचू शकणारा कुणबी थोडा होता, आणि फिरस्ता जवळजवळ नव्हताच. त्यांचे उत्तर मराठीत येण्यास साठ वर्षे लागली. आत्मचरित्रांच्या रूपाने ते आले, तेव्हा मराठी समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनाही आपली टिपणे पुन्हा तपासावी लागली.

या दोहोंमधली वाट इरावती कर्वे यांनी काढली. बर्लिनची डॉक्टरेट, आप्तसंबंधांवरील १९५३ चा इंग्रजी ग्रंथ, हे सर्व त्यांच्या नावावर आहेच. पण त्या पंढरीच्या वारीत चालल्या आणि त्यावर 'वाटचाल' हा लेख लिहिला, तो मराठीत. भजन एकत्र, पण जेवणाच्या पंगती जातवार वेगळ्या, हे पाहून त्यांस झालेला त्रास त्यांनी लपविला नाही. हाच लेख १९६२ साली इंग्रजीत गेला आणि अमेरिकेतील विद्वानांनी तो प्रमाण मानला. म्हणजे येथे प्रवास उलटा झाला. आधी ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनी वाचला, नंतर जगाने. या लेखाचे शास्त्रीय मोल त्यामुळे कमी झाले असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता आमच्या भागाकडे येऊ. विरार आज पालघर जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ पूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते. या जिल्ह्याच्या वारल्यांवर के. जे. सावे यांचे इंग्रजी पुस्तक १९४५ साली मुंबईत निघाले. वारल्यांची घरे, लग्ने, दैवते, चालीरीती यांचा तो कष्टाने केलेला संग्रह आहे. त्याच वर्षी तलासरी-डहाणूच्या बाजूस वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, आणि त्यांच्यात राहून काम केलेल्या गोदावरी परुळेकर यांनी ती हकीकत १९७० साली 'जेव्हा माणूस जागा होतो' या मराठी पुस्तकात सांगितली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराच्या घरी राबत, त्यांस लग्नगडी म्हणत. वंशवर्णनाच्या पुस्तकात लग्न हा एक विधी असतो. त्याला हळद असते, धवलेरी असते, देवचौक असतो. परुळेकरांच्या पुस्तकात लग्न हा आधी एक हिशोब आहे. दोन्ही वर्णने खरी आहेत. परुळेकर पक्षाच्या कार्यकर्त्या होत्या आणि त्यांचे पुस्तक एकबाजूचे आहे, ही हरकत आम्ही मान्य करतो. जमीनदाराचे म्हणणे त्यात नाही. पण त्या पुस्तकातील माणसे बोलतात, नकार देतात, लेखिकेस चकवितातही. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने सावे यांचे पुस्तक आधी वाचावे आणि परुळेकरांचे लगेच त्यामागून. उलट क्रमाने वाचल्यास पहिले वाचवणार नाही.

एवढे सर्व त्या मुलीस आम्ही ऐकविले. ती म्हणाली, "काका, पण मग मी काय करू?" आम्ही म्हटले, प्रबंध इंग्रजीतच राहू दे, पण दाखल करण्यापूर्वी आजीला तो मराठीत वाचून दाखव. आंबेडकरांना कोलंबियाच्या वर्गात गोल्डनवायझर लाभले होते. तुला आजी आहे.

त्याप्रमाणे तिने वाचला. आम्हीही त्या दिवशी ओसरीवर होतो. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत १८६७ साली रोज एक गाडी जाई, येथपासून आरंभ होता. मग वाड्यांची वर्णने, २००९ साली झालेली महानगरपालिका, २०११ च्या खानेसुमारीत बारा लाखांच्या वर गेलेली वस्ती. म्हातारी मान हलवीत होती. मग बावखलाचे प्रकरण आले. वसईच्या बागायतीत शिंपण्यासाठी खणलेल्या तळ्यांस बावखल म्हणतात. नातीने लिहिले होते की, बावखलाचे पाणी ही आळीची सामाईक मत्ता होती. नागरीकरणाने ती सामाईकता मोडली आणि त्याबरोबर एकत्र कुटुंबही मोडले. येथे म्हातारीने हात वर केला. सामाईक कसले, ती म्हणाली. पाळी होती. त्या पाळीवरूनच तुझ्या आजोबांचे आणि त्यांच्या थोरल्या भावाचे बोलणे तुटले, चुली वेगळ्या झाल्या, आणि तेव्हा या रस्त्याला एक इमारत नव्हती.

नातीचा चेहरा उतरला, कारण प्रबंधाचे सगळे तिसरे प्रकरण त्या एका वाक्यावर उभे होते. तरी तिने पुढे विचारले, आणि येथे ती आम्हांस खरी विद्यार्थिनी वाटली. "आजी, मग वाडीवर जे वारली कामाला यायचे, त्यांची पाळी कोणती?" म्हातारी बराच वेळ बोलली नाही. त्यांची कसली पाळी, असे ती शेवटी म्हणाली. त्यांच्या ओंजळीत आम्ही वरून पाणी घालीत असू. आणि थोडे थांबून, "हे मात्र लिहू नकोस."

ते वाक्य लिहावयाचे की नाही, हे तिने आम्हांस विचारले नाही, आणि आम्हीही काही सुचविले नाही. तिसरे प्रकरण ती नव्याने लिहीत आहे. रुळांच्या पूर्वेस डोंगराच्या बाजूला एका पाड्यावर, त्या वाडीत काम केलेले दोघे वृद्ध अजून हयात आहेत असे तिला कळले आहे, आणि येत्या रविवारी ती तिकडे जाणार आहे. प्रबंध सादर करण्याची मुदत त्यानंतर बारा दिवसांनी संपते.